स्थलांतरित महिलांच्या गटाला शिवण शिकवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या मशीनवर तुम्ही बरीच वर्षं शिवताय. स्थलांतरित महिलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तुम्हाला आठवड्यातून एकदा, विनामूल्य, शिवण शिकवाल का असं विचारलंय. गटातल्या निम्म्याजणींची भाषा तुम्हाला येत नाही, शिकवण्याचा अनुभव नाही. काय शिकवायचं, सोबत काय न्यायचं, पैशांचं काय आणि शेवटी प्रमाणपत्र द्यायचं का, हे तुम्हाला हवंय.

मी अशा गटांना बरीच वर्षं शिकवते आहे. नवी शिक्षिका येते ती बहुधा काय काय शिवून घ्यायचं याची यादी घेऊन. रुमाल, पिशवी, परकर, मग झबलं. यादीला माझी हरकत नाही, पण मी वर्ग मोजते तो एकाच कसोटीवर: मी खोलीत नसताना या बाईचं मशीन चालतं का? दोरा तुटला, खाली गुंता झाला, सुई मोडली, तर ती स्वतः सोडवते की हात वर करून थांबते? सहा महिने वर्गाला येऊन चार वस्तू शिवलेली, पण प्रत्येक वेळी दोरा शिक्षिकेकडून ओवून घेतलेली बाई घरी गेल्यावर एक टीपही मारू शकत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच कसोटीतून आलेलं आहे.

होकार देण्याआधी संस्थेला काही रोकडे प्रश्न विचारा. सुया, दोरे, कापड याचा खर्च कोण करणार? मशीन कुठे ठेवणार आणि किल्ली कोणाकडे? लहान मुलं सोबत आली तर त्यांच्याकडे कोण बघणार? प्रथमोपचाराची पेटी, विमा, वायरिंगची तपासणी यांची जबाबदारी कोणाची? ‘बघू हो, होईल सगळं’ असं उत्तर आलं तर ते सगळं तुमच्याच गळ्यात पडणार हे समजून चला. मुलांचा प्रश्न तर अजिबात सोडू नका. गरम इस्त्री, टाचण्या आणि धारदार कात्र्या असलेल्या टेबलाखाली रांगणारं मूल असेल तर आईचंही लक्ष लागत नाही आणि तुमचंही.

दान आलेली मशीन डोळे मिटून घेऊ नका. प्रत्येक मशीनवर सुती कापडाच्या दोन आणि मग चार घड्या घालून टीप मारून बघा, मागे शिवण जाते का बघा, पायाच्या पेडलची वायर कुठे सोललेली नाही ना ते पाहा, आणि त्या मशीनला लागणारे बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळं) बाजारात मिळतात का ते आधी विचारा. बॉबिन दिसायला सारखेच असतात. मिलिमीटरभर उंचीच्या फरकाने मशीन अडतं आणि दोष शिकणारीच्या माथी येतो. कारखान्यातलं मशीन कोणी देऊ केलं तर नवशिक्यांसाठी नको म्हणा. ते मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतं, घरगुती मशीन हजाराच्या आतबाहेर. पहिल्यांदा पेडलवर पाय ठेवणाऱ्या बाईला तो वेग एकदा घाबरवतो आणि मग ती कायम मशीनपासून हातभर लांब बसते. जुनं, जड, लोखंडी, फक्त सरळ टीप मारणारं मशीन मिळालं तर सोनं समजा. खेळण्यासारखी छोटी प्लॅस्टिकची मशीन मात्र कोणी नवी कोरी दिली तरी परत करा.

शिकणाऱ्या सहा, मशीन तीन, हे प्रमाण मला सगळ्यात बरं वाटतं. प्रत्येकीला स्वतंत्र मशीन असेल तर सहा ठिकाणी एकदम अडचण येते आणि तुम्ही नुसत्या पळत राहता. दोघींत एक मशीन असलं की एक शिवते, दुसरी बघते, आणि निम्म्या अडचणी त्या आपापसातच सोडवतात, तेही त्यांच्या भाषेत.

पहिल्या दिवशी मशीन झाकून ठेवा. प्रत्येकीला सुई, दोरा, दोन बटणं आणि कापडाचा तुकडा द्या. एक बटण लावायचं आणि एक कड दुमडून हातशिलाई करायची. तुम्ही फक्त हात बघा. दोरा किती लांब घेतला, गाठ कशी मारली, बटणाखाली दोऱ्याचे वेढे दिले का. दहा मिनिटांत तुम्हाला कळतं की कोपऱ्यात गप्प बसलेली बाई तुमच्यापेक्षा सुबक टाका घालते. जवळपास प्रत्येक गटात अशी एखादी असते. कोणी आपल्या गावी शिंपीकाम केलेलं असतं, कोणी भरतकाम, कोणी कपड्यांच्या कारखान्यात नुसत्या कॉलर जोडलेल्या असतात, पण त्या डोळे मिटून. नोंदणीच्या कागदावर यातलं काही नसतं, कारण कोणी विचारलेलं नसतं. ती सापडली की पुढच्या आठवड्यापासून तिला मदतनीस करा, आणि तिच्या पद्धतीचा टाका तुमच्यापेक्षा वेगळा असला तर दोन्ही दाखवू द्या.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे डोळ्यांची. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं आणि गटातल्या अनेकींनी चष्मा कधी करून घेतलेला नसतो. ती ‘मला नाही दिसत’ असं म्हणत नाही. ‘मला नाही जमत’ म्हणते आणि पुढच्या वेळी येत नाही. अधिक दीड आणि अधिक दोन नंबरचे वाचायचे तयार चष्मे, दोरा ओवायची तारेची चकती आणि टेबलावरचा एक दिवा हे मी सुयांच्याही आधी विकत घेते. सुईच्या मागे पांढऱ्या कागदाचा कपटा धरला तर नेढं लगेच दिसतं, ही युक्तीही दाखवा.

दुसऱ्या वेळी मशीन उघडायचं, पण बिनदोऱ्याने. जुनी सुई लावा (कागदाने धार जातेच, नवी वाया घालवू नका), रेघांची वही फाडून पानं द्या आणि रेघेवरून सुईची भोकं पाडत जायला सांगा. आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग वळणं. दोऱ्याची काळजी नसली की सगळं लक्ष पायावर आणि हातावर राहतं. इथेच तीन सवयी लावून घ्यायच्या. हात कापडाला फक्त दिशा देतात, ओढायचं काम खालचे दाते करतात. ओढलं तर सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि मोडते. कोपऱ्यावर आलं की सुई खाली कापडात रुतवायची, प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर, कापड वळवायचं, फूट खाली. आणि सुईत दोरा ओवताना किंवा सुई बदलताना पाय पेडलवरून काढून जमिनीवर. ही तिसरी सवय मी कितीही वेळा सांगायला कंटाळत नाही.

मग दोरा. यावर पूर्ण एक वर्ग द्या, कंजुषी करू नका, कारण मशीन बिघडलं म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक दोऱ्याच्या असतात. रीळ, मग टेन्शनच्या (वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या) चकत्या, मग वरखाली होणारा दांडा, मग सुई, या वाटेवर मशीनवरच रंगीत टिकल्या चिकटवून १, २, ३, ४ आकडे घाला. वाचता न येणारीलाही रंगांचा क्रम लक्षात राहतो. दोरा ओवताना प्रेशर फूट वर हवा. खाली असेल तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसत नाही आणि वरच्यावर राहतो. घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते आणि तिच्या विरुद्ध बाजूला लांब खाच असते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा. काही मशीनांत ती समोरून येते, काही जुन्यांत बाजूने, त्यामुळे ‘समोरून ओवा’ असं पाठ करून घेऊ नका, खाच बोटाने चाचपायला शिकवा. शिवण सुरू करताना वरचा दांडा सगळ्यात वर आणि दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटांत धरलेली. नाहीतर पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निसटतो.

आता वर लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालून दोन पदरी कापडावर टीप मारून दाखवा. टाका बरोबर असेल तर वरून फक्त लाल दिसतो, खालून फक्त पांढरा, कारण गाठ दोन पदरांच्या मध्ये लपते. मग टेन्शन मुद्दाम पूर्ण ढिलं करा: खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे फास लोंबायला लागतात. पूर्ण आवळा: वरच्या बाजूला पांढरे ठिपके येतात. तो तुकडा हातातून हातात फिरवा, प्रत्येकीने उलटसुलट करून बोट फिरवून बघायला हवं. मग विचारा, खाली गुंता झाला तर दोष कुठे? सगळ्या बॉबिनकडे बोट दाखवतात, आणि तिथेच मजा आहे. खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याने केलेला असतो, तो चकत्यांत बसलेला नसतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली बाई पुन्हा बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन ज्या डबीत बसतं तिचा, स्क्रू उगाच फिरवत नाही. ज्या मशीनचा स्क्रू कोणीतरी फिरवून ठेवलेला आहे, तिथे लोखंडी केस बॉबिनसकट दोऱ्यावर लोंबकळती धरा आणि हलका झटका द्या. थोडीशी खाली सरकून थांबली तर ठीक. सरसर खाली आली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट.

यानंतर मी एक खेळ घेते. सगळ्यांना पाठ फिरवून उभं राहायला सांगायचं आणि प्रत्येक मशीन बिघडवून ठेवायचं: एकीची सुई उलटी, एकीचा दोरा एका ठिकाणी चुकवलेला, एकीत बॉबिन रिकामं. जोडीने शोधून काढायचं. हसण्याखिदळण्यात जेवढं डोक्यात जातं तेवढं व्याख्यानाने जात नाही.

सुईचं सामान्यज्ञान थोडक्यात उरकलं तरी चालेल. मध्यम सुती कापडाला १४ नंबर, तलमला ११, जीन्ससारख्या जाडाला १६. साधारण आठेक तास शिवल्यावर सुई बदलायची, मोडायची वाट बघायची नाही.

भाषेची धास्ती घेऊ नका. शिवण बघून शिकता येते, पण बघायला बरोबर जागा मिळाली तर. समोर उभं राहून दाखवलं की तिला सगळं उलटं दिसतं. तिच्या शेजारी, तिच्याच बाजूला तोंड करून बसा. प्रत्येक वस्तूचा टप्प्याटप्प्याचा नमुना शिवून पुठ्ठ्यावर क्रमाने लावून ठेवा: कापलेलं कापड, एक कड दुमडलेली, दुसरी दुमडलेली, जोडलेली, उलटवलेली. अडलेली बाई उठून तो पुठ्ठा चाचपून जाते आणि तुम्हाला हाकही मारत नाही. ‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र टाळा. त्याचं उत्तर सगळीकडे मान हलवून ‘हो’ असंच येतं. ‘दाखव बघू’ म्हणा. आणि तिच्या हातातलं काम ओढून घेऊन स्वतः नीट करून देण्याचा मोह आवरा. तुमचा हात तुमच्याच तुकड्यावर चालू दे.

मापांचंही तसंच. आकडे वाचण्यात अडचण असलेल्या बायका असतील तर टेप बाजूला ठेवून सुतळीने माप घ्या. कमरेला एक सुतळी, नितंबाला गाठ मारलेली दुसरी, आणि तीच कापडावर पसरायची. एक आणि दोन सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून द्या, मार्जिन (शिवणीसाठी सोडलेली कड) आणि दुमड त्या पट्ट्यांनीच मोजता येते. अंगावरून माप घ्यायचं काम त्यांनी एकमेकींचं करायचं, पडद्याआड, आणि जिला नको तिने घरून नीट बसणारा कपडा आणायचा. त्यावरून आखलं की झालं.

पहिली वस्तू अशी हवी की त्याच दिवशी पूर्ण होऊन घरी जाईल. माझी आवडती म्हणजे चेन नसलेला उशीचा अभ्रा, कारण त्यात सरळ टीप, दुहेरी दुमड, कोपरा आणि उलट-सुलट बाजूचं भान एवढं सगळं येतं. ४० सेंटिमीटरच्या चौकोनी उशीसाठी पुढचा तुकडा ४२ बाय ४२, मागचे दोन तुकडे ४२ बाय ३०. मागच्या प्रत्येक तुकड्याची एक ४२ची कड आधी १ आणि मग २ सेंटिमीटर दुमडून टीप. उरले २७. पुढचा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवायचा, त्यावर मागचे दोन्ही सुलट बाजू खाली करून, दुमडलेल्या कडा मधोमध एकमेकींवर १२ सेंटिमीटर येतील असे. चारी बाजूंनी १ सेंटिमीटर आत टीप, कोपरे तिरके छाटायचे, उलटवायचं. उलटवताना चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. सुती कापड कापण्याआधी धुऊन वाळवायला विसरू नका, नाहीतर पहिल्या धुण्यात अभ्रा आटतो.

पुढे पिशवी, मग नेफ्यात इलॅस्टिक घातलेला पायजमा. तिथून पुढे तुमच्या यादीपेक्षा त्यांच्या मागणीचं ऐका. बहुतेक गटांतून मागणी येते ती दुरुस्तीची: पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, कमरेला सैल-घट्ट करणं, मुलांच्या कपड्यांना गुडघ्यावर तुकडा लावणं. नव्या शिक्षिकांना दुरुस्तीत कमीपणा वाटतो. मला उलट वाटतं. तयार पँटची शिवण उसवून बघण्यात जितकं शिकता येतं तितकं नव्या कापडात नाही.

हजेरीचं मनाला लावून घेऊ नका. पाळ्यांची कामं, मुलांचं आजारपण, कागदपत्रांसाठी अचानक निघालेली फेरी, घर बदलणं, यात दर आठवड्याला सगळ्याजणी येतील असा वर्ग होतच नाही. म्हणून प्रत्येक वर्ग स्वतःपुरता पूर्ण असावा, आणि प्रत्येकीचं अर्धवट काम नाव किंवा चिन्ह घातलेल्या पिशवीत वर्गातच राहावं. घरी नेलेलं अर्धवट काम परत येत नाही.

‘तुम्ही इकडे कशा आलात?’ हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही. हात कामात असले की बायका आपणहून बोलतात, कधी फार अवघड बोलतात. ऐकून घ्या, दुसरीकडे सांगू नका, आणि व्हिसा, निवासाचे कागद, नवऱ्याची मारहाण अशा बाबतीत स्वतःच्या मनाने सल्ला देऊ नका. त्यासाठी संस्थेतल्या कोणत्या व्यक्तीकडे पाठवायचं ते नाव आधीच माहीत करून घ्या. फोटोंचंही सांभाळा. एखादीचा ठावठिकाणा कोणाला तरी कळणं तिच्यासाठी धोक्याचं असू शकतं. हातांचे आणि कापडाचे फोटो काढा, तेही विचारून.

पैशांचं. वर्ग जरा चालायला लागला की कोणीतरी संस्थेला दोनशे पिशव्यांची ऑर्डर देतं आणि ‘सरावही होईल, संस्थेला निधीही मिळेल’ असं सुचवतं. मजुरी ठरल्याशिवाय याला ठाम नकार द्या, कारण त्या क्षणी वर्गाचा फुकट कारखाना होतो. घरी बसून नगावर शिवणाऱ्या बायकांची पिळवणूक जगभर जुनी आहे. त्यांना इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरबसल्या कामासाठीचा करार, क्रमांक १७७, केला. ज्यांना काम घ्यायचंच आहे त्यांना घड्याळ लावून हिशोब करायला शिकवा. पिशवीला आखणी, कापणं, शिवणं, इस्त्री, दोरे कापणं मिळून ७० मिनिटं लागत असतील तर त्या ७० मिनिटांचे इतर कामात किती मिळाले असते, अधिक कापड, अधिक दोरा. त्याच्या खालचा भाव म्हणजे पदरमोड. हा हिशोब मांडला की नव्या वस्तू विकण्याचा उत्साह बराच ओसरतो आणि दुरुस्तीची कामं परवडतात हे दिसतं. तिथे कापड गिऱ्हाईकाचं, गुंतवणूक सुई-दोऱ्याची आणि पैसे त्याच आठवड्यात. ‘शिवण शिका, पायावर उभ्या राहा’ असं पत्रकावर छापू नका एवढीच विनंती. काहीजणींचं होतं तसं, पण सगळ्यांना तेवढं वचन देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

वर्गाबाहेर मशीन नसेल तर शिकलेलं महिन्याभरात हातातून जातं. म्हणून जास्तीची मशीन खोलीत रचून ठेवण्यापेक्षा पुस्तकांसारखी पंधरा-पंधरा दिवसांसाठी घरी द्यायची व्यवस्था करा: वही, सही, सोबत तेलाची बाटली, छोटा ब्रश आणि दोन जादा सुया. घरी नेण्याची अट एकच, बिघाडाचा खेळ तिने एकटीने सोडवलेला असावा. तुमच्या सुट्टीतही वर्ग चालावा म्हणून किल्ली गटातल्याच एकीकडे द्या. संस्था जरा कां-कू करेल, तरी धरून बसा.

राहिलं प्रमाणपत्र. मान्यताप्राप्त संस्थेचं नसेल तर त्याला नोकरीच्या ठिकाणी किंमत नाही, आणि तसं आहे असं भासवणं बरं नव्हे. त्याऐवजी पहिल्या महिन्यापासून प्रत्येकीची नमुन्यांची फाइल करा: जाड कागदावर टाचलेली सरळ टीप, दुहेरी दुमड, चेन, काज, नेफा, बारीक प्लेट्स, आणि खाली तारीख. दुरुस्तीच्या दुकानात काम मागायला गेली की मालक ती फाइल उलटून मागची बाजू बघतो. तिला एवढंच सांगून ठेवा की नमुने कागदाला एका कडेनेच टाचायचे, म्हणजे मागची टीप बघता येते.